आपोआप मोकळ्या होणाऱ्या बत्तीस खुर्च्या

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढे संशोधकांना सोपं जातं.

कारणही तसंच घडलं. विहार समितीचे अध्यक्ष भारतभाऊ आज स्वतः माझ्या दुकानात आले. (झेरॉक्स काढायला आले होते, पण मुद्दा तो नाही.) विहाराच्या मागच्या हॉलमध्ये आमची अभ्यासिका आहे. खुर्च्या बत्तीस, स्पर्धा परीक्षावाले नव्वद. सकाळी खुर्चीवर रुमाल टाकून जायचं आणि दुपारी येऊन बसायचं, ही राजूरची पद्धत. शनिवारी कोणीतरी प्रफुल्लचा रुमाल उचलून पंख्यावर फेकला. प्रफुल्ल एकतीस वर्षांचा, सहा वर्षांपासून तलाठ्याची तयारी करतोय, त्याच्या रुमालाला इतकी वर्षं कोणी हात लावला नव्हता. मारामारी झाली. दोन खुर्च्यांचे हात तुटले.

भारतभाऊ म्हणाले की आता रुमालबंदी करायची आहे, तू कॉम्प्युटरवाला आहेस, काहीतरी जुगाड कर ना बापा.

मी म्हणालो, जुगाड नाही, सिस्टीम करतो. दोन दिवसांत.

बायकोला, दीपमालाला, सांगितलं. ती खूश. तिची अंगणवाडी दुपारी सुटते, अडीचला अभ्यासिकेत जाते तर सगळीकडे रुमाल. २८ सप्टेंबरला तिची मुख्यसेविकेची परीक्षा. बेचाळीस वर्षं पूर्ण आहेत, वयाच्या अटीत ही शेवटची. घरी अभ्यास होत नाही म्हणते. दोन खोल्या, त्यात बाबांचा रेडिओ आणि माझं बोलणं. रेडिओचं मला पटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
प्रोग्राम सी भाषेतच लिहिणार. वणीच्या एका कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर सी शिकवलं. मग त्यांनी सी काढून पायथन आणलं आणि पायथनबरोबर पायथनवाला आणला. मला राग नाही. पायथनमध्ये वापरून झालेल्या मेमरीचा कचरा भाषाच उचलते. सीमध्ये ज्याचा त्याने उचलायचा. मी स्वाभिमानी माणूस आहे.

स्वतःसाठी नोंद (पुढे पुस्तकात घालता येईल): साधा व्हेरिएबल (माहिती ठेवायचा कप्पा) एका फंक्शनपुरता, म्हणजे एका कामापुरता असतो. फंक्शन संपलं की पाहुण्यासारखा चहा पिऊन उठतो. स्टॅटिक व्हेरिएबल उठत नाही. प्रोग्राम चालू आहे तोवर त्यात टाकलेलं सगळं जसंच्या तसं. बत्तीस खुर्च्यांची यादी मी स्टॅटिकमध्ये ठेवणार, म्हणजे कोण कुठे बसलंय हे मशीन विसरणार नाही. आता प्रश्न एवढाच की जुनी नावं साफ कोण करणार. सीमध्ये स्टॅटिकची साफसफाई आपोआप होत नाही. आजवर कोणी केलीच नाही. मी करणार. या कोडच्या लायब्ररीचं नावही ठरलं: ‘आपोआप’.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून शंभर ओळी.

६ ऑगस्ट, बुधवार
साडेआठला उठलो. पहाटे उठण्याचे संकल्प पावसाळ्यात करू नयेत.

११ ऑगस्ट, सोमवार
दोन दिवसांचं काम सात दिवसांत पूर्ण. म्हणजे दर्जा वाढला.

पद्धत सोपी. दारात कॉम्प्युटर. आत जाताना आपला सभासद नंबर टाकायचा, चिठ्ठी निघते, त्यावर खुर्चीचा क्रमांक. जाताना शून्य दाबून खुर्चीचा क्रमांक टाकायचा, खुर्ची मोकळी. शिवाय ‘आपोआप’ आहेच. प्रोग्राम बंद होताना माझं साफसफाईचं फंक्शन स्वतःहून चालतं आणि बत्तीसच्या बत्तीस खुर्च्या पुसून जातं.

प्रफुल्लने विचारलं की भाऊ, अन् कोणी शून्य न दाबताच गेला तं? मी म्हणालो, उद्याचे अधिकारी आहात, शून्य दाबायला काय होतं. मग म्हणाला की कोणत्या खुर्चीवर कोणाचं नाव आहे ते पाहाची सोय पाहिजे होती. पुढच्या व्हर्जनमध्ये, म्हणालो. कामात खुसपट काढणारे लोक सहा-सहा वर्षं तयारीच करत राहतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनानंतर उद्घाटन. भारतभाऊंनी नियम वाचून दाखवला: चिठ्ठी नाही तर खुर्ची नाही, मग तो कोणीही असो. टाळ्या. माझं भाषण बावीस मिनिटं झालं. शेवटी समोर बाबा आणि एक कुत्रं होतं, पण पोरांना आत खुर्च्या पकडायच्या होत्या, हेच सिस्टीमचं यश.

हॉलच्या किल्ल्या बाबांकडे. बाबा, म्हणजे उकंडा, कोळशाच्या कोलरीत पंपावर तीस वर्षं होते. हॉलला कुलूप लावताना मेन स्विच पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी, तेव्हा पाडतात. रात्री आठला पाडतात. मी समजावलं की कॉम्प्युटर असा बंद करायचा नसतो. म्हणाले की तीस वर्षं पंप असाच बंद केला, पंपानं कधी तक्रार नाही केली.

पंपाला तोंड नसतं, हे बोललो नाही. वडील आहेत.

२० ऑगस्ट, बुधवार
यश! यश! यश!

या पाच दिवसांत शून्य कोणी दाबलं? दोन जणांनी. त्यातल्या एकाने चुकून. आणि तरी रोज दुपारी दोनला हॉल उघडला की बत्तीसही खुर्च्या मोकळ्या. रोज सकाळी पुन्हा मोकळ्या. म्हणजे ‘आपोआप’ काम करतंय. मेन पडताना प्रोग्रामला चाहूल लागत असणार आणि तो जाता जाता झाडून घेत असणार. सीचा वेगच तेवढा आहे.

बाबा म्हणाले की मेन पाडल्यावर त्या डब्यातलं सारं असंही पुसूनच जात असन. मी पाऊण तास समजावलं. ते मधेच झोपले.

दीपमालाला रोज दोन पस्तीसला खुर्ची मिळते. आठला घरी येते. एक अख्खं पुस्तक संपवलं. चेहरा बदललाय. आज भाकरी थापता थापता म्हणाली, बरं केलं तुम्ही. एकोणीस वर्षांच्या संसारात हे तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा कशासाठी होतं ते आठवत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
‘आपोआप’बद्दल सी प्रोग्रामरांच्या एका आंतरराष्ट्रीय मंचावर लिहिलं. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर्स’ अशी. शेवटी राजूर, तालुका वणी, पिन कोडसकट. अकरा मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द: का?

कुतूहल जागं झालंय.

२७ ऑगस्ट, बुधवार
दुसरं उत्तर. कोणी एक गृहस्थ म्हणतात की प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी स्वतःच परत घेते, तुम्ही काहीही करायची गरज नाही. आणि प्रोग्राम संपतच नसेल तर तुमचं फंक्शन कधी चालणारच नाही.

मत्सर. अकरा हजार किलोमीटरवरून वास येतो.

३१ ऑगस्ट, रविवार
एक अडचण. दुपारी दोनला बाबा मेन चढवतात, मग माझा कॉम्प्युटर उठायला सात मिनिटं घेतो. दारात रांग लागते. प्रफुल्ल घड्याळ बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.

विचार केला. जगातले मोठे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं बंद होत नाहीत. आपल्या सिस्टीममध्ये कच्चा दुवा एकच: बाबांचा हात.

निर्णय: दुकानातला इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी अभ्यासिकेत लावायची. लाइन मेनच्या आधीच घ्यायची. बाबा पाडू देत मेन कितीही वेळा. दुकानात लाइट गेल्यावर काम थांबेल, गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल. जाऊ दे. दीपमालाच्या परीक्षेपुढे दुकान काय.

६ सप्टेंबर, शनिवार
इन्व्हर्टर लावला. रात्री आठला बाबांनी मेन पाडला. हॉलमध्ये अंधार, पंखे बंद, आणि माझा स्क्रीन निळा, शांत, चालू. मला भरून आलं.

बाबांनी एकदा मेनकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. म्हणाले, हे काही बरोबर दिसून नाही राह्यलं मले.

पिढीचा फरक.

८ सप्टेंबर, सोमवार
सकाळी अकरा वाजता मशीन म्हणालं: जागा शिल्लक नाही. आत जाऊन मोजली तर माणसं चौदा.

पोरं शून्य दाबत नाहीत! दारावर कागद लावला: ‘कृपया जाताना शून्य दाबा.’ खाली कोणीतरी पेनने लिहिलं: ‘कायले?’

दुपारी दीपमालाला चिठ्ठी मिळाली नाही. घरी आली. बाबांचा रेडिओ चालू होता. मी म्हणालो, तात्पुरतं आहे. ती म्हणाली की वीस दिवस राह्यले माह्यापाशी, तात्पुरतं म्हणजे किती ते सांगा.

संकल्प: दोन दिवसांत कायमचा इलाज. पहाटे पाच.

१० सप्टेंबर, बुधवार
सापडला! प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्ये ‘क्लीनअप’ नावाची एक सोय आहे. व्हेरिएबलच्या पुढे तेवढी खूण लिहायची, काम संपलं की तो स्वतःला आवरून घेतो. इतकी वर्षं ही माझ्या नजरेतून कशी सुटली! माहितीपुस्तकात लिहिलंय की ही खूण साध्या व्हेरिएबललाच चालते, स्टॅटिकला नाही. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्ष काम किती केलेलं असतं?

स्टॅटिकला लावली. कंपायलरने वॉर्निंग दिली: खुणेकडे दुर्लक्ष केलं आहे. अशा एकूण चौदा वॉर्निंग. मग वॉर्निंग दाखवणंच बंद करून टाकलं. स्क्रीन एकदम स्वच्छ.

नवं व्हर्जन चढवलं. बत्तीसही खुर्च्या मोकळ्या! दीपमाला अडीचला गेली ती आठला आली. रात्री जेवताना बालकांच्या लसीकरणाचं वेळापत्रक पाठ म्हणत होती.

प्रफुल्ल म्हणाला की भाऊ, नवं चढवायले तुम्ही जुनं बंद केलं असन ना, त्याच्यानंच तं मोकळं नाही झालं? मी म्हणालो, बाळा, दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. एकतीस वर्षांच्या माणसाला बाळा म्हणायला मजा आली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
बारा वाजेपर्यंत भरलं. आत माणसं नऊ.

दीपमाला परत.

प्रफुल्ल म्हणतो रोज दुपारी बंद करून चालू करा. बाबा म्हणतात तुही लाइन मेनच्या मागं घेऊ का, मी पाडत जाईन. दोघांनाही नाही म्हणालो. जी गोष्ट स्विच पाडून होते तिला संशोधन म्हणत नाहीत. आज स्विच पाडला तर उद्या मंचावर काय तोंड दाखवू? तसं मंचावर सध्या कोणी बोलत नाहीये माझ्याशी. वाट बघत असतील.

१६ सप्टेंबर, मंगळवार
तिसरं व्हर्जन. यात क्लीनअप सगळीकडे लावलं, जिथे गरज नाही तिथेही. चढवताच सगळं मोकळं. सगळ्यांना चिठ्ठ्या. माझा आत्मविश्वास परत आला. आता या प्रोग्रामला हात लावणार नाही, हे शेवटचं.

१७ सप्टेंबर, बुधवार
भरलं. बारा वाजता.

तरी आजचा दिवस मी विसरणार नाही. दोन पस्तीसला मी दारातच उभा होतो. भारतभाऊ होते, प्रफुल्ल होता. दीपमाला आली. पिशवीत चार पुस्तकं, पाण्याची बाटली. नंबर टाकला. जागा शिल्लक नाही. आत वीसेक खुर्च्या रिकाम्या होत्या, ते मान्य. भारतभाऊ म्हणाले की बसू दे ना रे वहिनीले, कोण पाहून राह्यलं.

मी म्हणालो, नाही. नियम सगळ्यांना सारखा. सुरुवात माझ्या घरापासून.

दीपमालाने माझ्याकडे बघितलं, मग बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिथे पाचपर्यंत ऊन असतं. साडेतीनला उठून गेली.

किती जणांना जमलं असतं हे? स्वतःबद्दल आदर वाटला. दीपमालालाही वाटला असणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
दीपमाला आता अंगणवाडीतच बसते. पोरं गेली की मागच्या खोलीत, तांदळाच्या आणि मटकीच्या पोत्यांमध्ये. बल्ब एकच आहे, डास आहेत. मी अगरबत्तीचा पुडा दिला. पाठिंबा नाही असं कोणी म्हणू नये.

म्हणालो की निसर्गाच्या जवळ अभ्यास चांगला होतो. ती म्हणाली, हो.

२२ सप्टेंबर, सोमवार
अभ्यासिकेत शांतता. प्रफुल्ल आणि बाकीचे आता सकाळच्या बसने वणीच्या वाचनालयात जातात. हॉलमध्ये बत्तीस खुर्च्या, एक पाल आणि मी.

मशीनप्रमाणे मात्र अभ्यासिका शंभर टक्के भरलेली आहे. असं राजूरच्या इतिहासात पहिल्यांदाच.

२४ सप्टेंबर, बुधवार
बाबांनी आज रेडिओ बंद केला आणि कोलरीचं काहीतरी सांगायला लागले. खाणीत उतरताना लॅम्प रूममधून दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला तिथे द्यायचा. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला परत. शिफ्ट सुटली की लॅम्प रूमवाला खिळ्यांकडे पाहायचा. एखादा बिल्ला अजून खिळ्यावरच लटकलेला दिसला तर समजायचं की तो माणूस खालीच आहे. मग कोणीतरी उतरून त्याला पाहून यायचा. बाबा म्हणाले की खाली कोणी राह्यलं का हे पाह्यल्याशिवाय आम्ही घरी नव्हतो जात. तुह्या मशीनले सांग ना, एकदा आत जाऊन पाह्य म्हणा.

मशीन आत कसं जाणार? मग मी दुकानात गेलो. समोरच्याकडे गर्दी होती.

२७ सप्टेंबर, शनिवार
उद्या पेपर, यवतमाळला. मी म्हणालो सोबत येतो. दीपमाला म्हणाली की नको, बसमध्ये वाचायचं आहे मले.

संकल्प: उद्या पहाटे उठून तिला चहा करून द्यायचा.

२८ सप्टेंबर, रविवार
ती पाचच्या बसने गेली. चहा बाबांनी केला.

संध्याकाळी सातला आली. पेपर कसा गेला विचारलं. म्हणाली की पोषणाचा भाग पाहाचा राहून गेलता, चार-पाच प्रश्न तिथलेच होते. मग पाय धुतले आणि भाजी चिरायला बसली. मी म्हणालो, चार-पाचने काय होतं. शंभर प्रश्न असतात.

रात्री हिशोब केला तर आठ सप्टेंबरपासून तिला खुर्ची मिळाली ती नवं व्हर्जन चढवलं त्या एक-दोन दिवसांतच. बाकी दिवस ती बाहेरच. पण या आकड्याला अर्थ नाही. अभ्यास करणारा कुठेही करतो. मी स्वतः सी पिंपळाखाली शिकलो. तिथे माझी कोणी जागा अडवली नव्हती, हा भाग वेगळा.

५ ऑक्टोबर, रविवार
सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले, आज समितीची बैठक झाली. माझी बाजू मांडायला मी प्रोजेक्टर नेला होता. भारतभाऊ म्हणाले की राहू दे अश्वजित, पोरं वणीला जाऊन राह्यली, आपला हॉल रिकामा पडला, आता उकंडाबापू सांगतात तसं करू.

बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बत्तीस बिल्ले केलेत. भिंतीवर फळी, फळीवर खिळे. आत जाताना बिल्ला घ्यायचा आणि टेबलावर ठेवायचा, जाताना खिळ्याला लावायचा. एकला आणि आठला बाबा फळी बघतात. खिळा रिकामा दिसला की आत जाऊन खुर्ची बघतात. माणूस नसेल तर टेबलावरचा बिल्ला उचलून आणतात.

ही माझ्याच पद्धतीची नक्कल आहे. मी म्हणालो, माझं मशीन कोपऱ्यात चालू राहू द्या, चाचणीसाठी. कोणी हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
हॉल भरलेला असतो. प्रफुल्ल परत आला. बिल्ला हरवला तर बाबा ओरडतात, म्हणून कोणी हरवत नाही. बाबा आता रेडिओ ऐकत नाहीत. वेळ नाही म्हणतात.

दीपमाला काही अभ्यासिकेत जात नाही. आता कायले जाऊ, म्हणते.

मंचावर माझ्या लेखनाखाली ‘चर्चा बंद’ असं आलंय. थंडीत ‘आपोआप’चं चौथं व्हर्जन करीन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
निकाल लागला. यादी माझ्याच दुकानात, माझ्याच प्रिंटरवर काढली. आधी वरून शोधलं, मग खालून. दीपमाला नाही. मग तिचे गुण बघितले. दोन गुणांनी गेलं.

घरी सांगायला निघालो तेव्हा रस्त्यात सगळं जुळवून ठेवलं होतं. कंपायलरची चूक, पोरांची चूक, पेपरातले प्रश्न. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. दोन गुण म्हणालो. तिने हातातला शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला, माझाच होता. मी म्हणालो की तांत्रिक बाब होती, मशीनमध्ये स्टॅटिक व्हेरिएबल.

ती म्हणाली की मशीनचं मले काही समजत नाही. पण त्या दिवशी तुम्ही दारात होते. खुर्च्या रिकाम्या होत्या. मशीनले दिसत नव्हतं, तुम्हाले तं दिसत होतं ना.

उरलेले कपडे तिनेच वाळत घातले. मी तिथेच उभा होतो. फार वाईट वाटलं. हे मी कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही.

पुढच्या वर्षी नाही. वयात बसत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुपारी एक वाजता विहारात गेलो. भारतभाऊंचा निरोप होता की कोपरा मोकळा कर, तिथे पाण्याची टाकी ठेवायची आहे. पोरं जेवायला गेलेली. बाबा फळी बघत होते.

माझा प्रोग्राम चालूच होता. सोळा सप्टेंबरपासून, एकसष्ट दिवस. इन्व्हर्टरने साथ सोडली नाही. बंद करण्याआधी वाटलं, आत काय आहे ते एकदा बघावं. प्रफुल्लने मागितली होती ती यादी मी कधी केलीच नव्हती. मग चालत्या प्रोग्रामच्या पोटात डोकावायला डीबगर जोडला आणि स्टॅटिकमधली बत्तीसही नावं स्क्रीनवर काढली.

प्रफुल्ल दोन खुर्च्यांवर. कोणी एक मुलगी तीन खुर्च्यांवर. आणि खुर्ची क्रमांक नऊ: दीपमाला. आल्याची वेळ सोळा सप्टेंबर, दोन पस्तीस. गेल्याची वेळ कोरी.

सतरा तारखेला मी तिला जागा नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा नऊ नंबरची खुर्ची तिच्याच नावावर होती. ती पायऱ्यांवर उन्हात बसली तेव्हाही. पोत्यांमध्ये बसली तेव्हाही. पेपरच्या दिवशीही. माझ्या मशीनप्रमाणे ती अजून आत बसलेली आहे, एकसष्ट दिवस, सलग, अभ्यास करत.

हॉलमध्ये जाऊन नऊ नंबरची खुर्ची बघितली. रिकामी होती. आज पहिल्यांदाच आत जाऊन बघितलं.

बाबा म्हणाले की झालं का तुह्यं, मले कुलूप लावायचं आहे. मी म्हणालो, थोडं थांबा. ते कधी नाही ते थांबले, बाहेर जाऊन बसले.

बंद केलं की नावं जातील. त्यासाठी एक ओळही लिहावी लागणार नाही, मंचावरचे ते गृहस्थ म्हणाले होते तसंच. दोन वाजत आलेत. पोरं येतील आता. मी अजून बंद केलेलं नाही.